बोईसरच्या गेटवरून पोर्तुगालला

आमच्या कामाचा पहिला नियम: पाहिलं ते बोलायचं नाही, ऐकलं ते विसरायचं. आता तुम्हीच सांगा, माणूस दिवसाचे बारा तास नुसता बघतो, ऐकतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. मग ते सगळं जातं कुठे? साठतं! सिक्युरिटीवाल्यांकडे असतात तेवढे किस्से न्हाव्याकडेसुद्धा नसतील. फरक एवढाच, की न्हावी बिचारा सांगून मोकळा होतो.

मी वनिता तामोरे, दातिवऱ्याची. भाऊ होडीवर, आय मासळी विकते, आणि मी बोईसर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर लेडीज सिक्युरिटी. रविवारी सुट्टी जुळली की आम्ही गेटवरच्या चार-पाच जणी पालघर स्टेशनबाहेर चहाला जमतो, आणि कुणीतरी म्हणतेच, "वनिता, पोर्तुगालचं सांग ना!" इतके दिवस मी टाळलं. आता जिच्याबद्दल सांगायचं तिनेच परवानगी दिली आहे. तिच्या अटी दोन. एक, तिचं खरं नाव घ्यायचं नाही. दोन, ती रडली तो भाग गाळायचा.

म्हणून इथे तिचं नाव रेवा, आडनावही बदललेलं. आणि रडल्याचं मात्र येणार!

*

आधी मी गेटवर काय करायचे ते ऐका. सुटीचा भोंगा झाला की बायकांची तपासणी माझ्याकडे. आमचे सिक्युरिटी इन्चार्ज म्हणजे सुभेदारकाका. फौजेतून रिटायर, साताऱ्याकडचे, लग्न न केलेले आणि ते न केल्याचा अभिमान असलेले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तोंडाकडं बघू नको. माणूस तोंडानं खोटं बोलतो, चालीनं नाही."

एक दिवस एक बाई आली. सकाळी तुरुतुरु आत गेलेली, संध्याकाळी भरल्या घागरीसारखी जपून चालत बाहेर. मी विचारलं, काय झालं?

"दीदी, कमर में बहुत दर्द है."

मी ट्रकच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "चलो, पहले दर्द का वजन करते हैं!"

ती जागच्या जागी बसली. कमरेला तांब्याची तार, वेटोळी घालून. काकांनी तार ठेवून घेतली, तिला समज देऊन सोडून दिलं आणि मला म्हणाले, "शिकलीस."

*

साहेब म्हणजे आमचे मालक, मोहिते साहेब. सांगलीकडून फिटर म्हणून बोईसरला आले आणि आज रंगाला लागणारं केमिकल बनवतात. त्यांचा एक भागीदार होता. हा गडी टँकर भरून घाण पाणी गुपचूप खाडीत सोडायचा. साहेबांना कळलं, तसे ते स्वतः जाऊन त्याची तक्रार करून आले आणि त्याला धंद्यातून बाहेर काढलं. आम्हा कोळ्यांना त्याचं किती बरं वाटलं ते सांगायला नको. खाडीत जाळी आमचीच असतात.

त्यानंतर महिनाभराने साहेबांच्या फोनवर एक फोटो आला. रेवा, त्यांची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची, पाठीवर बॅग, पालघरच्या घराच्या फाटकातून बाहेर पडतेय. खाली लिहिलं होतं, "सकाळी सहालाच निघते का हो? फार लवकर होतं."

पोलिसांत तक्रार झाली. संशय भागीदारावरच, पण नंबर कुणाचा ते सापडेना, आणि साहेबांची झोप उडाली. रेवाची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात बापलेक दोघंच. रेवा पोहण्यात पट्टीची. पोर्तुगालमधल्या एका समुद्रकाठच्या गावी चार महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती. राहणं, शाळा, सगळं तिथेच. साहेबांना वाटलं, इथून लांब तर जाईल. पण एकटी नाही. सोबत बॉडीगार्ड हवा.

मुंबईहून तीन जण आले. काळे टी-शर्ट, दंड माझ्या मांडीएवढे. साहेबांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "कुणी अंगावर आलं तर काय कराल?" पहिल्याने उभ्या उभ्या लाथ मारून दाखवली, त्यात टेबलावरची फुलदाणी गेली. दुसऱ्याने साहेबांचा हात पिरगळून दाखवला. तिसऱ्याने पिस्तुलाचं लायसन्स काढलं. ते पोर्तुगालात कसं चालणार, हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

मी तिथे व्हिजिटर रजिस्टरवर सही घ्यायला उभी होते. काका सहज म्हणाले, "वनिता, तू काय करशील?"

"मी पळेन."

तिघेही खो खो हसले.

"पोरीचा हात धरून पळेन," मी म्हटलं. "मारामारी जिंकून काय करायचंय? ती घरी पोचली की झालं."

काका म्हणाले, "साहेब, हिचा पासपोर्ट काढा."

*

पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत काकांनी माझी परेड घेतली. माझी खोली उमरोळीला. तिथल्या मैदानावर रोज सकाळी पळणं, पडणं, सुटणं. आणि तोंडाने एकच मंत्र: "बॉडीगार्ड म्हणजे डास. दिसला की मेला!"

संध्याकाळी दुसरा अभ्यास. काका बोईसरच्या बाजारात भाजी घ्यायला जायचे आणि मी त्यांच्या मागे, पण त्यांना दिसायचं नाही. पहिल्या दिवशी वांगी निवडता निवडता मागे न बघता म्हणाले, "लाल ओढणी." दुसऱ्या दिवशी, "चप्पल वाजते." असे आठ दिवस मी रोज मेले.

नवव्या दिवशी काकांनी भाजी घेतली, टपरीवर चहा घेतला, घरी गेले आणि मला फोन केला. आवाज चढलेला. "आज आली का नाहीस? एवढ्यातच दमलीस?"

मी म्हटलं, "काका, दार उघडा. तुम्ही टपरीवर विसरलेली भाजीची पिशवी घेऊन बाहेर उभी आहे."

*

रेवाला मी नको होते. विमानतळावरच तिने मला नियम सांगितले. "दहा पावलं मागे राहायचं. माझ्या फ्रेंड्सशी बोलायचं नाही. कुणी विचारलं तर तुम्ही आमच्या कुक."

मी म्हटलं, "वीस पावलं राहते. पण स्वयंपाक मला बरा जमत नाही, एवढं त्यांना सांगून ठेव."

आठव्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर तिने मला चकवलं. बॅग माझ्या हातात देऊन म्हणाली, "केस विंचरून येते," आणि चेंजिंग रूमच्या मागच्या दाराने गावातल्या गल्ल्यांत पसार! तासाभराने ती एका बेकरीच्या दारात आली, तर मी आत बाकावर बसलेली. समोर दोन बन आणि दूध.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला शोधलंत कसं?"

"शोधलं कुठे? पोहून आलेल्या पोरीला भूक लागायची वाट बघितली!"

तिने मुकाट्याने बन खाल्ला. त्यानंतर पुन्हा पळाली नाही. खरं म्हणजे त्या सबंध तासभर मी तिच्या मागे वीस पावलांवर होते आणि ती बेकरीकडे वळतेय हे बघून पलीकडच्या दाराने आत शिरले होते. हे तिला आत्ता, हे वाचतानाच कळेल.

*

भाषेचं मला टेन्शन होतं. इंग्रजी तोडकं, पोर्तुगीज शून्य. पहिल्याच आठवड्यात खोलीत सामान भरायला दुकानात गेलो. रेवा दुकानदारीणबाईला इंग्रजीत समजावतेय, बाई मान हलवतेय, कुणाला काही कळत नाही. शेवटी मी वैतागून मराठीत म्हटलं, "अहो, साबण! बटाटा! पाव!"

बाईने साबण काढला, बटाटे काढले, पाव काढला. तिन्ही वस्तू काउंटरवर!

मला चेव आला. कुलपाची खूण करून म्हटलं, "चावी?" तिने किल्ल्यांची जुडी हलवून दाखवली. रेवा माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही पोर्तुगीज कधी शिकलात?"

"आम्ही लहानपणापासूनच बोलतो," मी म्हटलं.

संध्याकाळी आयला फोन करून सांगितलं, की इथले लोक आपले शब्द बोलतात, इथल्या बायका वाळूवर जाळीच्या मांडवांवर मासे फाडून सुकवतात, अगदी आपल्यासारख्याच. आय विचारात पडली. मग म्हणाली, "पाव त्यानी आपल्याला शिकवला, ता ठीक हाय. पन त्याना इचार, मासं सुकवाला तुमाला कोनी शिकवला?"

दुसऱ्या दिवशी मी खरंच त्या बायकांत जाऊन बसले. मासे पालटायला हात लावला. त्यांनी माझी बोटं बघितली, काटा कसा धरते ते बघितलं आणि सरकून जागा दिली. शब्द लागलेच नाहीत. रेवाची प्रॅक्टिस समोरच चालायची. तिच्याकडे कोण बघतंय, किती वेळ बघतंय, हे त्या सहा बायका आता मला भुवईने सांगायच्या.

*

दीड महिना झाला असेल. साहेबांचा फोन आला, आवाज ओळखू येईना. दुसरा फोटो आला होता. या वेळी रेवा पोर्तुगालच्या त्या वाळूवर, टॉवेल खांद्यावर. खाली लिहिलं होतं, "इथेही लवकरच उठते."

"उद्याच्या विमानाने परत या," साहेब म्हणाले. "आणि तिला यातलं काही सांगू नकोस."

काकांनी शिकवलं होतं, आधी घाबरायचं ते घाबरून घ्यायचं, मग बघायचं. फोटो मागवला. वरून काढलेला. सावल्या लांब आणि समुद्राकडे पडलेल्या. तिथला समुद्रही आपल्यासारखा पश्चिमेला, म्हणजे सकाळ. एका कोपऱ्यात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची कड. तसं कापड किनाऱ्यावर एकाच लॉजच्या गॅलरीला होतं.

रेवाच्या कोचबाई, तेरेसा, यांना घेऊन गेले. वरच्या खोलीत एक माणूस आठवडाभर राहून आदल्याच दिवशी गेला होता. मालकिणीला सांगून गेला होता, "पुन्हा येणार आहे." तेरेसाबाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

मग मी साहेबांचं ऐकलं नाही. रेवाला समोर बसवून सगळं सांगितलं. जिचा जीव, तिलाच माहीत नाही, हे कसं चालेल? ती आधी चिडली, मग रडली, पण अटीतलं रडणं हे नव्हे. तेवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन. तिने डोळे पुसले आणि फोन घेतला.

"बाबा, मी येणार नाही."

"रेवा, हट्ट नको. पालघरला ये."

"पालघरला काय, फोटो काढत नाहीत?"

साहेबांनी विमानाचा विषय सोडला. त्या दिवसापासून आमच्या वेळा बदलल्या, रस्ते बदलले. दहा पावलांचा नियम रद्द झाला. आणि मी "तुम्ही" होते ती "ताई" झाले.

*

आम्ही एक परवलीचा शब्द ठरवला. धोका वाटला की रेवाने म्हणायचं, "पापलेट." त्या देशात हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून येण्याची शक्यताच नाही. एकदम पक्कं काम!

चार दिवसांनी दुपारी आम्ही एका खानावळीत बसलो होतो. वेटर रेवाच्या मागून आला. रेवा ताडकन उठली आणि ओरडली, "ताई, पापलेट!"

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं तेव्हा वेटर भिंतीला तोंड करून उभा होता, त्याचा हात त्याच्या पाठीवर आणि तो हात माझ्या मुठीत. आणि रेवा जमिनीवर पडलेल्या थाळीतल्या माशाकडे बोट दाखवत होती.

"ताई... खरंच पापलेटसारखा होता गं!"

माफीला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी माझे दोन्ही कान धरले. त्यानंतर तो वेटर आम्हाला वाढायचा, पण थाळी ठेवण्याआधी लांबूनच माशाचं नाव मोठ्याने सांगायचा!

*

आता तो दिवस.

सकाळचे दहा. प्रॅक्टिस संपलेली, आम्ही समुद्राच्या कठड्यापाशी उभ्या. एक जुनी भाड्याची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरून मागचं दार उघडून उभा राहिला आणि एक टायवाला माणूस आमच्याकडे आला. स्वच्छ मराठीत म्हणाला, "रेवा मोहिते ना? मी तुझ्या बाबांच्या ऑफिसकडून आलोय. साहेबांना हार्टचा झटका आलाय. आयसीयूत आहेत. तिकीट तयार आहे, आत्ता निघायला हवं."

कंपनीच्या लेटरहेडवर पत्र. खाली साहेबांची सही, हुबेहूब.

रेवा पांढरी पडली. तिने बाबांना फोन लावला. बंद. साहेब प्लांटमध्ये गेले की फोन गेटवर जमा करतात, नियमच आहे. आणि हे भागीदाराला चांगलं ठाऊक होतं. मी काकांना लावला. ते सुट्टीवर गावी निघालेले, लागेना; गेटचा फोन सारखा एंगेज. तो माणूस घड्याळ बघत होता. "ताई, विमान चुकेल. वेळ घालवू नका."

आणि खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, खरंच असलं तर? बाप मरणाच्या दारात आणि मी पोरीला अडवून धरलेली!

मी त्याच्या बुटांकडे बघितलं. उभा आमच्यापाशी होता, पण दोन्ही पाय गाडीकडे वळलेले.

मी रडवेल्या आवाजात विचारलं, "साहेबांजवळ कोण आहे हो? सुभेदारकाकांच्या मिसेस आहेत ना?"

"हो, हो, काकीच आहेत. त्यांनीच सगळी धावपळ करून ॲडमिट केलं."

लग्न न केल्याचा अभिमान असलेल्या आमच्या काकांना बायको मिळाली!

मी रेवाकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. पोरीची कमाल बघा, चेहरा तसाच ठेवून म्हणाली, "माझा टॉवेल राहिला, आणते," आणि तेरेसाबाईंच्या दिशेने वळली. त्याने तिचा दंड धरला.

मी तिच्याकडे धावले नाही. गाडीकडे धावले! दोघे पुरुष, मी एकटी. ओढाताणीत मी हरणार हे मला माहीत होतं. पण गाडीशिवाय ते तिला नेणार कुठे? ड्रायव्हर मागच्या दाराशी, पुढचं दार उघडं, चावी आत लटकतेय. मी वाकले, चावी काढली आणि कठड्यावरून समुद्रात फेकली.

दोघेही तोंड वासून त्या चावीकडे बघत राहिले. ड्रायव्हर तर कठड्यावर चढून खाली बघायला लागला. तेवढ्यात रेवाने त्या टायवाल्याच्या पायावर टाच मारली, मी तिचा हात धरला आणि आम्ही खाली वाळूवर पळालो. तो मागे. त्याने माझं मनगट पकडून पिरगळलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मी दुसऱ्या हाताने रेवाला सुकत घातलेल्या माशांच्या पलीकडे ढकललं.

तिथे त्या सहा जणी होत्या. काय झालंय, कोण चूक, कोण बरोबर, हे त्या विचारत बसल्या नाहीत. एकीने माशांचं क्रेट उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. बाकीच्यांनी त्याला पोलीस येईपर्यंत वाळूवर पाडून ठेवलं. दोघी चक्क त्याच्या अंगावर बसल्या होत्या!

ड्रायव्हर गाडीजवळच सापडला. गाडी नसलेला किडनॅपर म्हणजे काय? नुसता पाहुणा!

सगळं शांत झाल्यावर रेवा माझ्या मोडलेल्या हाताकडे बघून जी रडायला लागली, ती थांबेचना. हाच तो गाळायचा भाग. साहेब प्लांटमधून बाहेर आले आणि त्यांनी फोन केला, "एवढे मिस्ड कॉल? काय चाललंय तिकडे?"

रेवा हुंदके देत म्हणाली, "बाबा... तुमची तब्येत कशी आहे?"

*

त्या टायवाल्याने पोलिसांना सगळं सांगितलं, आणि इकडे भागीदाराला उचललं. केस चालू आहे, म्हणून नाव घेत नाही. रेवाने ट्रेनिंग पूर्ण केलं, आम्ही परत आलो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उभे राहिले, हात जोडले. म्हणाले, "वनिता, काय हवं ते माग. नाही म्हणणार नाही."

मी विचार करूनच गेले होते. "साहेब, गेटवर आम्हा बायकांना बसायला खुर्च्या द्या. बारा-बारा तास उभं राहून पाय सुजतात."

साहेबांना वाटलं मी मस्करी करतेय. "खुर्च्या? एवढंच?"

"आधी बसून तर बघू द्या, साहेब. मग पुढचं उभं राहून मागू!"

*

शेवटचा मुद्दाम मागे ठेवला आहे. हा चहावर सांगितला, तर चहा गारच होईल.

परत आल्यावर रेवाने ठरवलं, दातिवऱ्याहून अर्नाळ्याला पोहत जायचं. मधे वैतरणा नदीचं तोंड; ओढ अशी, की भल्याभल्यांना फिरवते. साहेब नको म्हणाले, काका नको म्हणाले. रेवा चार महिने थांबली, रोज सराव केला आणि पुन्हा विचारलं. असं तीनदा. चौथ्यांदा साहेबच म्हणाले, "जा. मी पलीकडे उभा राहतो."

माझा भाऊ जयेश याने भरती-ओहोटी बघून वेळ काढून दिली. त्याच्या होडीत तो, मी आणि आय. आय कशाला? तर म्हणाली, "पोर आपल्या दर्यात उतरतं, नि मी काय घरी बसू?" नियम एकच होता. मधे रेवाने होडीला हात लावला, की पोहणं बाद. पुन्हा पहिल्यापासून.

आता एक कबुली. मला पोहता येत नाही! दातिवऱ्याची असून. आमच्यात पुरुष दर्यावर जातात, बायका बाजारात. पाण्यात पडायची वेळच कधी आली नव्हती. लाइफ जॅकेट होतं, पण फळीवर बसून आयची कंबर दुखते म्हणून मी ते तिच्या बुडाखाली दिलं होतं.

अर्ध्याच्या पुढे गेलो असू. ऊन चांगलं वर आलेलं. रेवा होडीपासून दहा हातांवर, एका लयीत चाललेली. तेवढ्यात उजवीकडून एक स्पीडबोट, सरळ तिच्या अंगावर! चालवणाऱ्याचं लक्ष भलतीकडेच. मी होडीच्या काठावर उभी राहिले, ओढणी सोडून फडकवली, जीव खाऊन ओरडले. जयेश खालून "ताई, बस! बस!" म्हणत होता. स्पीडबोटवाल्याने शेवटच्या क्षणी बघितलं आणि बोट वळवली. तिची लाट आली, होडी कलली आणि मी पाण्यात!

वर आले, पुन्हा खाली गेले. नाकातोंडात खारं पाणी. जयेशने इंजिन बंद केलं, पण ओढीने होडी पुढे सरकलेली. आयची किंकाळी पाण्याखालीसुद्धा ऐकू आली. मला वाटलं, संपलं.

मागून कुणीतरी माझ्या हनुवटीखाली हात घातला.

"ताई, हात मारू नकोस! मला मिठी मारू नकोस! आकाशाकडे बघ. फक्त पडून राहा."

मी पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं ते निमूट ऐकलं. रेवा मला ओढत होडीपर्यंत घेऊन आली. जयेशने माझा दंड धरला, आयने वेणी, आणि रेवाने खालून खांद्याने मला असा रेटा दिला, की मी मासळीसारखी होडीच्या तळात येऊन आदळले.

मी खोकत होते, पाणी ओकत होते. आय माझी पाठ चोळत होती आणि रडत होती. मग तिला आठवलं, पोर अजून पाण्यातच आहे. ती वाकली, दोन्ही हात पुढे केले. "ये गो बाय, वर ये! तू दमलंस. पुरे झाला. हात दे!"

रेवा हातभर लांब, जागच्या जागी पाय मारत होती. ओठ निळे पडलेले. तिने आयच्या हातांकडे बघितलं, होडीच्या काठाकडे बघितलं आणि दोन्ही हात पाण्यावर वर करून दाखवले.

"आय, मी होडीला हात लावलेला नाही! जयेशदादा, तू बघितलंस ना? नाही लावला ना?"

जयेशने होकारार्थी मान हलवली.

"मग झालं तर," रेवा म्हणाली. तिने पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे बघून ओरडली, "ताई, लोळत काय पडलीस? उठून बस! तुझी ड्युटी चालू आहे!"

आणि वळून तिने अर्नाळ्याच्या दिशेने हात टाकला.